भंगारातला भाता आणि पिकअपचं इंजिन

अमेरिकेत ‘आपलं आपण खोला’ पद्धतीचे भंगारवाडे असतात. दारात किरकोळ प्रवेश फी द्यायची, पानापेटी आपली आपण न्यायची, रिमांवर चढवून ठेवलेल्या गाड्यांच्या रांगांतून फिरायचं, हवा तो भाग स्वतः खोलायचा आणि बाहेर पडताना त्याचे पैसे मोजायचे. अशा रांगेत १९९०च्या दशकाअखेरची पॉन्टियाक ग्रँड प्रिक्स जीटीपी किंवा ब्यूइक पार्क अव्हेन्यू अल्ट्रा दिसली, की जाणकार माणूस सीट, आरसे, स्टिरिओ यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आधी बॉनेट उघडतो. त्या गाड्यांच्या ३.८ लिटरच्या व्ही-६ (सहा सिलिंडर, ‘व्ही’च्या आकारात) इंजिनाच्या डोक्यावर ईटन कंपनीचा एम९० सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा ढकलणारा पंप, बसलेला असतो: अ‍ॅल्युमिनियमचा जडशीळ लांबट ठोकळा, पुढे सोंडेसारखं नाक आणि नाकाच्या टोकाला पुली. या माणसाच्या घरासमोर उभी असते एखादी जुनी फोर्ड रेंजर पिकअप. ४ लिटरचं व्ही-६, साधारण १६० अश्वशक्ती. इंजिन टिकाऊ, कटकट न करणारं, पण मागे ट्रेलर जोडून चढ लागला की रडकुंडीला येणारं.

एकाचा ठोकळा दुसऱ्याच्या इंजिनावर बसेल का? बसतो. हौशी लोक अशी कामं घरच्या गॅरेजात करत आलेत. पण या विषयावर बोलणारी बहुतेक माणसं पाना, पट्टी आणि वेल्डिंगबद्दलच बोलतात. असं जोडलेलं इंजिन मरतं ते मात्र बहुधा उष्णतेमुळे. म्हणून आधी हवेचा आणि उष्णतेचा हिशेब बघू, पाना-पक्कड नंतर.

इंजिनाला भूक हवेची

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो. वजनात पाहिलं तर ते मुख्यतः हवेवर चालतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. घनफळात सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर मोठा लावला की झालं. त्याला पुरेल इतकी हवा सिलिंडरमध्ये आणायची कशी, ही खरी अडचण.

साधं इंजिन हवा स्वतः ओढतं. पिस्टन खाली जातो, पोकळी होते, बाहेरची हवा आपल्या दाबाने आत येते. वाटेत फिल्टर, थ्रॉटल (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप), वळणं आणि व्हॉल्व्ह असल्यामुळे सिलिंडर पूर्ण भरत नाही. जुन्या, दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात ८५ टक्के भरला तरी चांगलं म्हणायचं. सुपरचार्जर इथे लोहाराच्या भात्याचं काम करतो आणि हवा ढकलून आत घालतो. आपल्याकडच्या डिझेल जीप आणि पिकअपमध्ये हेच काम टर्बो करतो. फरक एवढाच की टर्बोला धुराड्यातून बाहेर पडणारा गरम वायू फिरवतो, तर सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्यामुळे टर्बोला जोर धरायला क्षणभर लागतो. सुपरचार्जर इंजिनाच्या पहिल्या फेऱ्यापासून कामाला लागतो, पण त्याची मजुरी इंजिन आपल्या खिशातून देतं.

भात्याची उपमा मी उगाच दिली नाही. एम९० ज्या जातीचा आहे त्या यंत्राचं पेटंट १८६० सालचं, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांचं. मोटारगाडी तेव्हा जन्मलीही नव्हती. रूट्स बंधूंचे ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारी यंत्रं, भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणींमध्ये हवा खेळवायला जात. १८७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये हवेच्या दाबावर ढकलली जाणारी भुयारी गाडी लोकांना दाखवली गेली, तिचा अवाढव्य पंखाही त्यांच्याच कारखान्यातला होता. गॉटलीब डाइमलरने इंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पना १८८५ च्या पेटंटमध्ये मांडली.

भंगारातून ब्लोअर उचलण्याची परंपराही जुनी आहे. जनरल मोटर्सने १९३८ मध्ये ‘७१’ मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं आणली. टू-स्ट्रोक डिझेल स्वतः हवा ओढू शकत नाही, म्हणून त्या इंजिनांना रूट्स ब्लोअर जन्मतःच लागायचा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून नाव ६-७१. ही इंजिनं बस, ट्रक, बोटी सगळीकडे लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती भंगारात येऊ लागली तशी कॅलिफोर्नियाच्या शर्यतवेड्या पोरांनी त्यांचे ब्लोअर उतरवून पेट्रोलच्या व्ही-८ वर चढवले. बॉनेटला भोक पाडून वर आलेला जो चकचकीत ठोकळा चित्रांत दिसतो, तो मुळात बसचा भाग होता.

रहाटगाडगं, चरक नव्हे

एम९० च्या आत पीळ दिलेले, तीन पाकळ्यांचे दोन रोटर एकमेकांच्या खाचांत फिरतात. ते पाहून रसवंतीचा चरक आठवतो आणि वाटतं की हवा उसासारखी दोघांच्या मधून पिळून निघत असणार. तसं नाही. दोन रोटरांच्या मध्ये हवेला जवळजवळ वाटच नसते. हवा जाते बाहेरच्या कडेने, पाकळी आणि बाहेरचं कवच यांच्यामधल्या खोबणीत बसून. विहिरीवरच्या रहाटगाडग्यात एकेक मडकं पाणी भरून वर येतं आणि पाटात रिकामं होतं, तसंच हे. मडक्यात पाणी दाबलं जात नाही, नुसतं उचलून दुसरीकडे नेलं जातं.

एम९० च्या नावातले ९० म्हणजे एका फेऱ्यात तो ९० घन इंच हवा नेतो. साधारण १.४७ लिटर. मिनी कूपर एस मधला एम४५ याच्या निम्मा. २००१ पासूनच्या सुपरचार्ज्ड निसान फ्रंटिअर पिकअपचा एम६२ एक लिटरच्या आसपास. फोर्डच्या १९९९ च्या एफ-१५० लाइटनिंगचा एम११२ तब्बल १.८ लिटरचा.

मग दाब तयार होतो कुठे? ब्लोअरमध्ये नाहीच. पाटातलं पाणी जितकं वाहून जातं त्याहून जास्त मडकी रिती होत राहिली, की पाट तुंबतो. इंजिन एका फेऱ्यात जितकी हवा गिळतं त्याहून जास्त हवा ब्लोअर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या पेटीत) आणून टाकतो, आणि ती तिथे तुंबते. या तुंबण्यालाच ‘बूस्ट’ म्हणतात. बूस्ट ब्लोअरच्या अंगात नसतो, ब्लोअर आणि इंजिन यांच्या गुणोत्तरात असतो. ‘हा ब्लोअर किती बूस्ट देतो?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कुठल्या इंजिनावर, कुठल्या पुलीने, हे सांगावं लागतं.

रेंजरसाठी हिशेब करू. ४ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत ४ लिटर हवा घेतं, म्हणजे फेऱ्याला २ लिटर. ८५ टक्के भरतं असं धरलं तर १.७ लिटर. समजा क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची, पुली ६ इंची आणि ब्लोअरची ४ इंची आहे. इंजिनाच्या एका फेऱ्यात ब्लोअर दीड फेरा फिरेल आणि २.२ लिटर हवा उचलेल. दहाएक टक्के फटींतून मागे गळते, तेव्हा खरी पोचते सुमारे २ लिटर. इंजिनाची भूक १.७, वाढलेलं ताट २. म्हणजे १७ टक्के जास्त हवा. कागदावर ठीक दिसतंय.

गेज खरं बोलतो, पण पूर्ण बोलत नाही

सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड तापतं, हे लहानपणी सगळ्यांनी हात लावून पाहिलंय. हवा दाबली की तापते. रूट्सचं रहाटगाडगं या बाबतीत जरा जास्तच उधळं आहे. मडक्यातली हवा साध्या दाबाची, आणि ते रितं होतं जास्त दाबाच्या मॅनिफोल्डमध्ये. तोंड उघडताच मॅनिफोल्डमधली दाबलेली हवा उलटी मडक्यात घुसते आणि पुढची पाकळी येऊन सगळ्यांना परत बाहेर ढकलते. तीच हवा पुन्हा ढकलायची, म्हणजे वायफळ मेहनत, आणि वायफळ मेहनत उष्णता होऊन बाहेर येते.

वरच्या हिशेबात १७ टक्के जास्त हवा कोंबायला दाब किती लागेल? हवा थंड राहिली असती तर १७ टक्केच जास्त. पण बाहेरची २७ अंशांची हवा ब्लोअरमधून निघते ती ७५-८० अंशांची होऊन, आणि तापलेली हवा फुगते. म्हणून तेवढ्याच हवेसाठी दाब चढतो ३५-३७ टक्क्यांनी, गेजवर साधारण ५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप). काटा पाहून माणूस म्हणतो, ‘वा, तिसरा हिस्सा ताकद वाढली!’ प्रत्यक्षात हवा वाढलीय त्याच्या निम्मी. उरलेला दाब हा नुसता ताप आहे.

शिवाय मजुरी आहेच. एवढी हवा ढकलून तापवायला इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांमध्ये जवळपास १० किलोवॉट, म्हणजे १३ अश्वशक्ती जातात. १६० ची १८७ होतील असं वाटतं, पण हाती राहतात १७५ च्या आसपास. एवढ्या खटपटीचं फळ पंधराएक अश्वशक्ती असं ऐकलं की बरेच जण हिरमुसतात. कारखान्यांचे आकडे पाहिले की समाधान होतं. पॉन्टियाक-ब्यूइकमधल्या जनरल मोटर्सच्या त्याच ३.८ लिटर इंजिनाची बिनसुपरचार्जरची आवृत्ती २०५ अश्वशक्तीची होती, एम९० सकट २४० ची. फरक ३५ चा, तोही कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसून. फोर्डने १९८९ मध्ये थंडरबर्ड सुपर कूपमध्ये एम९० बसवला आणि १४० चे २१० केले, पण तिथे बूस्ट बराच जास्त होता आणि हवा गार करायला इंटरकूलर होता.

मग पिकअपला याचा उपयोग काय? उपयोग अश्वशक्तीच्या मोठ्या आकड्यात नाही, खालच्या फेऱ्यांतल्या ओढीत आहे. रहाटगाडगं मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवरही तितकीच मडकी भरतं. ट्रेलर ओढताना, चिखलातून निघताना, घाट चढताना जी ओढ लागते ती तिथेच मिळते. शर्यत लावायची असेल तर भंगारवाड्यातून टर्बो उचलावा असं माझं मत आहे. ओझं ओढायचं असेल तर एम९० वाईट नाही.

भंगारात काय बघायचं

सगळ्यात सोपी वाट आधी सांगतो, कारण बहुतेक लोक ती विसरतात. निसानने २००१ पासून काही वर्षं फ्रंटिअर पिकअप ३.३ लिटरच्या व्ही-६ इंजिनात दोन प्रकारे विकली: साधी, १७० अश्वशक्तीची, आणि सुपरचार्ज्ड, २१० ची. साध्या फ्रंटिअरवाल्याला सुपरचार्ज्ड फ्रंटिअर भंगारात सापडली तर मॅनिफोल्ड, पट्टा, कंस (ब्रॅकेट), इंजेक्टर, कॉम्प्युटर असं सगळं एकाच जागी मिळतं, आणि एकमेकांना शोभणारं मिळतं. भंगार घ्यायचं तर असं कुटुंबासकट घ्यावं. नुसता ब्लोअर उचलला तर बाकीचं कुटुंब आपल्याला जमवावं लागतं.

एम९० हाती आला की आधी पुली हाताने फिरवायची. सलग, गुळगुळीत फिरली पाहिजे. आतून खरखर आली, कुठे अडलं, की खाली ठेवायचा. रोटर एकमेकांना आणि कवचाला शिवत नाहीत, मधली फट मिलिमीटरच्या अंशांत असते. ती राखायला पुढच्या पेटीत दोन गिअर असतात, आणि त्या पेटीचं तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळं असतं. हे तेल कुणी कधी बदलत नाही. प्लग उघडून पाहावं. काळं, कमी झालेलं किंवा पार आटलेलं असेल तर बेअरिंगांचं आयुष्य संपत आलंय असं समजावं. मागच्या तोंडातून बॅटरी मारून रोटरांवरचा लेप बघायचा. थोडा झिजलेला चालतो, पण लांब चरे असतील तर त्या ब्लोअरने कधीतरी खडा नाहीतर नट गिळलेला आहे.

एक आवाज मात्र घाबरवतो आणि फसवतो. पुलीचा दांडा आणि गिअर यांच्यामध्ये प्लास्टिकचा छोटा कपलर असतो. तो झिजला की इंजिन मंद चालताना डब्यात गोट्या हलवल्यासारखा खडखडाट होतो. अनुभव नसलेला माणूस ‘बेअरिंग गेलं’ म्हणून सोडून देतो. जाणकार तोच ब्लोअर घासाघीस करून आणतो आणि कपलर बदलून मोकळा होतो.

ब्लोअरच्या अंगावर बायपास व्हॉल्व्ह असतो, तो हलतोय ना तेही बघायचं. गाडी संथ चालते तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि ब्लोअरची हवा पुढून मागे गोल फिरत राहते, दाब तयारच होत नाही. त्यामुळे सरळ रस्त्यावर ब्लोअरचं ओझं नावापुरतं उरतं. हा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असेल तर ब्लोअर रिकामा वेळही राबत बसतो आणि तापत राहतो.

आणि कुठल्या गाडीतला एम९० आहे ते लक्षात ठेवा. थंडरबर्डच्या एम९० ची हवा पाइपातून इंटरकूलरकडे पाठवलेली असते. पॉन्टियाक-ब्यूइकच्या एम९० चं तोंड खाली असतं आणि हवा सरळ मॅनिफोल्डमध्ये उतरते. नाव एक, बसण्याची तऱ्हा वेगळी.

बसवणं

रेंजरच्या मॅनिफोल्डचा वरचा भाग काढतात, खालच्या भागावर जाड अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवतात आणि त्या प्लेटवर ब्लोअर. ऐकायला सोपं वाटतं. वेल्डिंगच्या आचेने अ‍ॅल्युमिनियम वाकतं आणि वाकलेल्या प्लेटवर गॅसकेट धरत नाही. म्हणून वेल्डिंग झाल्यावर प्लेट मिलिंग मशीनवर नेऊन सपाट करून घ्यावीच लागते. इथे पैसे वाचवणारा माणूस पुढे महिनाभर हवेची गळती शोधत बसतो.

पॉन्टियाकचं इंजिन बॉनेटखाली आडवं असतं, रेंजरचं गाडीच्या लांबीच्या दिशेने. पॉन्टियाकमध्ये ब्लोअरच्या बुडाला थ्रॉटल बॉडी लटकते आणि तिला जागा मिळते. रेंजरमध्ये ब्लोअरचं नाक रेडिएटरकडे केलं की बूड फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे, जातं, आणि नेमकी तिथे जागा नसते. मग कोपरासारखं वळण बनवावं लागतं. थ्रॉटल ब्लोअरच्या आधीच यायला हवा, हे विसरून चालत नाही. ब्लोअर आणि इंजिन यांच्यामध्ये थ्रॉटल टाकला तर पाय उचलताच पुढची वाट बंद होते, ब्लोअर मात्र ढकलतच राहतो.

पट्ट्याबद्दल सगळे बेफिकीर असतात. अल्टरनेटर अगदी भरात असला तरी पट्ट्यावर दोन-अडीच किलोवॉटचा भार टाकतो. ब्लोअर दहा मागतो. तेव्हा पट्ट्याने पुलीला निम्म्याहून जास्त वेढा घातला पाहिजे, ताणणारी पुली दणकट पाहिजे आणि सगळ्या पुल्या एका रेषेत, मिलिमीटरच्या हिशेबात, पाहिजेत. कंस लवचिक असेल तर ओढ बसताच रेषा बिघडते, पट्टा घसरतो, काळी भुकटी उडते. पट्टा कुठल्या बाजूने वळतोय हेही तपासायचं. दातांऐवजी पाठीने पुली फिरवली गेली तर ब्लोअर उलटा फिरेल आणि इंजिनात हवा भरायचं सोडून बाहेर ओढेल. हसू येतं, पण घडतं.

लहानसहान नळ्यांचाही विचार लागतो. क्रँक ज्या पेटीत फिरतो त्या क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये ओढून घेणारी नळी असते. आजवर मॅनिफोल्डमध्ये ओढ होती, आता दाब असणार. एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह नीट नसेल तर तो दाब क्रँककेसमध्ये शिरून सील फोडतो आणि तेल बाहेर. ब्रेकच्या व्हॅक्यूमच्या नळीलाही तसाच व्हॉल्व्ह हवा, आणि इथली चूक तेलाच्या डागावर भागत नाही.

पेट्रोल, ठिणगी आणि ठोका

हवा वाढली की त्याच प्रमाणात पेट्रोल वाढायला हवं. नुसत्या प्रमाणात नव्हे, जरा जास्तच. पूर्ण दाबावर १४.७ चं गुणोत्तर सोडून साडेअकरा ते साडेबाराच्या आसपास राहतात, कारण जादा पेट्रोलाची वाफ होताना ते आतली उष्णता शोषतं. १९० अश्वशक्तीपर्यंतची तयारी ठेवायची तर सहा इंजेक्टरांपैकी प्रत्येकाला मिनिटाला २५० घन सेंटिमीटर पेट्रोल देता आलं पाहिजे. भंगारातल्या ग्रँड प्रिक्सचे इंजेक्टर यापेक्षा मोठे असतात, पण मोठे इंजेक्टर लावलेत हे कॉम्प्युटरला कळवावं लागतं, नाहीतर इंजिन रिकामं चालतानाही पेट्रोलात बुडतं. पंपालाही तेवढं पुरवता आलं पाहिजे.

रेंजरचं इंजिन हवेचं वजन मोजणाऱ्या सेन्सरवर चालतं, हा फायदा आहे. जास्त हवा आली तर त्याला ती दिसते. ज्या इंजिनात नुसता मॅनिफोल्डचा दाब मोजतात तिथे जुना सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजू शकतो. त्यापुढे त्याच्या लेखी सगळं सारखंच. तो सेन्सर बदलावाच लागतो.

आता ठोका. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की आग एका बाजूने पसरत जाते. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण वाट पाहत असतं, आणि त्या वेळात त्याच्यावर दाब आणि ताप चढत जातो. फार चढला तर ते मिश्रण आगीची वाट न पाहता एकदम पेटतं. हा इंजिनाचा ठोका, नॉकिंग. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. पिस्टनच्या कडा तुटणं, गॅसकेट उडणं, बेअरिंग चेपणं ही त्याची फळं. रेंजरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते, ९ ला १ चं, ते साध्या हवेसाठी ठरवलेलं आहे. जनरल मोटर्सने सुपरचार्ज्ड इंजिन काढताना कॉम्प्रेशन ९.४ वरून ८.५ वर आणलं, ते याच भीतीने. भंगारातून ब्लोअर येतो, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन येत नाहीत. म्हणून रेंजरवाल्याने बूस्ट पाच-सहा पीएसआयच्या पुढे नेऊ नये, आणि ठिणगी दर एक पीएसआयमागे क्रँकच्या फेऱ्यातला सुमारे एक अंश उशिरा पाडावी. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे, पण सुरुवातीला पुरतो. स्पार्क प्लग एक पायरी थंड जातीचा आणि त्याची फट थोडी कमी ठेवायची, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला जड जातं.

पेट्रोल चांगलं हवं. इथे आकड्यांचा एक घोटाळा समजून घ्या. अमेरिकेच्या पंपावर ८७ लिहिलेलं असतं ते पेट्रोल आपल्या मोजणीतल्या ९१ ऑक्टेनच्या (ठोका टाळण्याच्या क्षमतेचं माप) जवळपासचं. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, पेट्रोल हलकं नाही. तिथलं ९१ ते ९३ चं प्रीमियम म्हणजे आपल्या हिशेबात ९५ च्या पुढचं. ब्लोअर लावल्यावर पिकअपला कायम हेच पाजायचं.

आणि एक गेज घ्याच: वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचा, जो धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगतो. गाडीतला मूळचा सेन्सर १४.७ च्या आसपासचंच बोलतो. पूर्ण दाबावर मिश्रण १२ आहे की १३.५, हे त्याला सांगता येत नाही, आणि इंजिन जगणार की मरणार ते त्या दीड अंकावर ठरतं. बूस्टचा गेज नसला तरी चालेल असं मी म्हणेन. तो बघायला छान असतो इतकंच.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत धुराची तपासणी राज्यागणिक वेगळी आहे. कॅलिफोर्नियात तिथल्या हवा मंडळाची मंजुरी नसलेला सुपरचार्जर रस्त्यावर चालत नाही, आणि घरी जुळवलेल्या ब्लोअरला ती मंजुरी मिळवणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करायला ते मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. तेव्हा हे वाचून पुण्याच्या जुन्या बाजारात मिनी कूपरचा एम४५ शोधायला निघणार असाल, तर गाडी रस्त्यावर नेता येणार नाही हे धरून निघा.

पहिल्यांदा चालू केल्यावर लगेच पाय दाबायचा नसतो. मंद चालवून गळती शोधायची, मग अर्ध्या थ्रॉटलवर वाइडबँडचा काटा बघायचा, मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन सेकंद पूर्ण दाब, कान उघडे ठेवून. शंभरेक किलोमीटर झाले की पट्ट्याखाली काळी भुकटी साचलीय का, ब्लोअरच्या नाकाशी तेल आलंय का, हे बघायचं.

सगळं ठीक चाललं की तीनेक आठवड्यांनी मोह होतो. पॉन्टियाकच्या ब्लोअरवर मूळ पुली ३.८ इंची असते, बाजारात त्याहून लहान मिळतात, आणि लहान पुली म्हणजे जास्त फेरे. ४ इंचीच्या जागी ३.३ इंची लावली तर आपल्याच हिशेबातलं दीडाचं गुणोत्तर १.८ होतं. काटा १२ पीएसआयच्या आसपास जातो. हवा मात्र २७ अंशांवरून १३० अंशांच्या पुढे तापते, आणि त्या ९ ला १ च्या इंजिनात इंटरकूलरशिवाय ती तशीच जाते.